‘उत्तरार्ध ढेपाळतो’: अंधाधुन, परीक्षणं आणि माझा एक जुना गुन्हा

शेवटची_कर्जत
शनिवार, रात्री ११:५२

आधीच सांगतो, या धाग्यात सगळं फोडलेलं आहे. ‘अंधाधुन’ अजून पाहिला नसेल त्यांनी इथूनच मागे फिरावं. नंतर विपूत (विचारपुशीत) येऊन शिव्या घालू नयेत.

काल लेकीबरोबर घरी बसून हा सिनेमा दुसऱ्यांदा पाहिला. पहिल्यांदा पाहिला तो ५ ऑक्टोबर २०१८ ला, शुक्रवारी, सकाळच्या पहिल्या खेळाला, आणि तोही कामासाठी. तेव्हा मी एका साप्ताहिकात (नाव नको, आता ते बंद आहे) परीक्षणं लिहायचो. पोटापाण्याची नोकरी वेगळी, ही आपली हौस. हौस कसली, हमालीच. सकाळी नऊचा खेळ, बाराच्या आत बाहेर, एका हातात वडापाव, दुसऱ्या हातात वही, आणि चारच्या आत साडेचारशे शब्द मेल केले नाहीत की फोन सुरू. त्याच शुक्रवारी ‘लवयात्री’पण लागला होता. दोन्ही बघायचे, दोन्ही लिहायचे.

तर ‘अंधाधुन’ला मी तीन स्टार दिले आणि लिहिलं, ‘उत्तरार्ध ढेपाळतो.’

हे वाक्य तुम्ही कुठल्याही रहस्यपटाच्या परीक्षणात वाचलं असेल. आम्हा लोकांच्या खिशात ते सुट्ट्या पैशांसारखं असायचं. कुठेही खपतं, कोणी उलट विचारत नाही. त्या दिवशी मी वहीत चक्क काड्या मारल्या होत्या. कथेने कलाटणी घेतली की एक काडी. मध्यंतरापर्यंत चार झाल्या, नंतर अकरा की बारा. मग हिशेब सोपा होता. चार छान वाटल्या, अकरा जास्त झाल्या, म्हणून ढेपाळला.

काल काय झालं, तर लेकीने पियानोच्या प्रसंगात सिनेमा थांबवला. आंधळेपणाचं सोंग घेतलेला आकाश (आयुष्मान खुराना) वाजवतोय. सिमीच्या नवऱ्याचं, प्रमोद सिन्हाचं प्रेत तिथेच पडलंय. सिमी (तब्बू) आणि तिचा प्रियकर इन्स्पेक्टर मनोहर खाणाखुणा करत आवराआवर करतायत. बॅग येते, देह त्यात कोंबला जातो. कोणी एक शब्द बोलत नाही आणि पियानो चालू. पोरगी म्हणाली, ‘‘बाबा, खून तर होऊन गेलाय. मग आता आपण कशाला घाबरतोय?’’

मी काहीतरी उत्तर दिलं, पण रात्री झोप येईना. त्याला दिसतंय हे आपल्याला माहीत आहे आणि त्या दोघांना नाही, भीती त्याचीच आहे. त्यात धक्का कसलाच नाही. बोटं एक क्षण अडखळली तर तो मेला, एवढंच.

आणि मग उत्तरार्ध. सिमीने दिलेल्या विषारी प्रसादानंतर त्याची दृष्टी खरोखर जाते. म्हणजे खेळाचा नियमच उलटा होतो. आधी त्याला दिसत होतं आणि इतरांना ते ठाऊक नव्हतं. आता सगळ्यांना दिसतंय, आपल्यालाही, फक्त त्याला नाही. आणि शेवटी पोलंडमध्ये, क्राकोवला, प्रेयसी सोफीसमोर बसून तो जी हकिगत सांगतो, ती आपल्याला दिसते तीही त्याच्याच तोंडून, खरं की खोटं ते फक्त त्याच्या शब्दावर. आधी त्याचे डोळे काढून घेतले, मग आपले. मी पहिल्याच खेळात रमलो होतो. तो बंद झाला म्हणून रुसलो आणि रुसव्याला ‘ढेपाळतो’ म्हणालो.

आणखी एक. त्या साडेचारशे शब्दांत छाया कदम (लॉटरीवाली) हे नाव नाही. अश्विनी काळसेकर (मनोहरची बायको) हेही नाही. दोघींचाही जोर त्याच ‘ढेपाळलेल्या’ भागात.

तर प्रश्न असा की अशा चित्रपटांची परीक्षणं तुम्हाला कधी पटली आहेत का? की ती सगळी मी लिहायचो तशीच असतात?

---

मिसळीत_फरसाण
रविवार, सकाळी ७:३१

चहा-खारी घेऊन बसलोय. चालू द्या.

---

गच्चीवरची
रविवार, सकाळी ९:०५

कर्जतकाका, तुम्ही तेव्हा बरोबर होतात, आता चुकताय. पश्चात्ताप होण्यासारखं काही नाही यात.

मी हा सिनेमा चार वेळा पाहिलाय, म्हणजे वैर नाही. पण त्या पियानोच्या प्रसंगानंतर जी भट्टी जमते ती पुढे मोडतेच. रिक्षावाला, लॉटरीवाली मावशी आणि किडन्या काढणारा डॉक्टर, हे त्रिकूट कुठून उपटतं? पुण्यात नुकताच आंधळा झालेला माणूस नेमका अवयव विकणाऱ्यांच्याच हाती लागतो? पहिल्या तासात प्रत्येक गोष्ट कोणाच्या तरी लोभातून नाहीतर भीतीतून घडते. नंतर योगायोगातून घडते. लेखक पेचात सापडला की योगायोग धावून येतो, आणि त्यालाच ‘उत्तरार्ध ढेपाळतो’ म्हणतात. वाक्य गुळगुळीत झालं म्हणून खोटं ठरत नाही.

नियम उलटला वगैरे तुम्ही छान मांडलंय. पण ते घरी, रात्री, दुसऱ्यांदा बघताना सुचलं. तिकीट काढून बसलेल्या माणसाने एकदाच बघायचं असतं. परीक्षण त्याच्यासाठी असतं, चार वेळा बघणाऱ्या माझ्यासारखीसाठी नाही.

---

बिऱ्हाड_नंबर_११
रविवार, सकाळी १०:४०

आमच्या गिरगावच्या चाळीत हा सिनेमा दहा मिनिटांत संपला असता.

सगळा खेळ बंद दारांवर चाललाय हो! मिसेस डिसा समोरच्या फ्लॅटमधून कोण आलं, कोण गेलं बघते, आणि बिचारी तेवढ्यावरून जीव गमावते. आमच्याकडे दुपारी अडीचला अनोळखी बूट दाराबाहेर दिसला तरी तिसऱ्या मजल्यावरून विचारणा होते, ‘‘पाहुणे का?’’ प्रेत बॅगेत भरून जिन्याने उतरवायचं म्हटलं, तर चार पोरं ‘काकू, धरू का?’ म्हणत धावली असती. आणि नळ सकाळी एकच तास. रक्त पुसणार कशाने?

गंमत सोडा. पण डिसाबाईंना बाल्कनीतून ढकलतात तेव्हा आमच्या घरात माझी आत्या उठून आत गेली. ती म्हणाली, हे नको दाखवायला. नवऱ्याचा खून तिने निवांत पाहिला होता. शेजारणीचा सहन नाही झाला. परीक्षणांत मी शोधून शोधून वाचलं, हे कोणी लिहिलेलं मला तरी सापडलं नाही. सगळ्यांनी त्या प्रसंगाची नोंद ‘आणखी एक धक्का’ अशी केली.

---

शेवटची_कर्जत
रविवार, सकाळी ११:१५

@बिऱ्हाड, माझ्या वहीत तिथे काडीच होती. पाचवी.

@गच्चीवरची, डॉक्टर कुठून उपटतो म्हणता? सिनेमा सुरू होतानाच पडद्यावर पाटी येते, आयुष्य म्हणजे काय, तर ते यकृतावर अवलंबून आहे. इंग्रजी ‘लिव्हर’ शब्दाची कोटी आहे (यकृतही आणि जगणाराही), आपण हसतो आणि विसरतो. मग कोबीचं शेत, बंदूकवाला आणि एका डोळ्याने आंधळा ससा. यकृत आणि डोळा, दोन्ही पहिल्या पाच मिनिटांत समोर ठेवलेत. मी तेव्हा पॉपकॉर्नचे सुट्टे मोजत होतो, तो भाग वेगळा.

---

गच्चीवरची
रविवार, सकाळी ११:३८

पाटी लावली म्हणजे योगायोग माफ होत नाही. उद्या मी दारावर ‘इथे साप निघू शकतो’ अशी पाटी लावली आणि तुम्हाला साप चावला, तर तुम्ही माझ्या पटकथेचं कौतुक कराल का?

---

मिसळीत_फरसाण
रविवार, सकाळी ११:४१

खारी संपली. बटर आणायला चाललोय.

---

पानसुपारी
रविवार, दुपारी १:२०

वयाने मोठा आहे म्हणून थोडं पाल्हाळ चालवून घ्या.

तुम्ही मंडळी धक्का, कलाटणी वगैरे बोलताय, पण आपल्याकडे सगळ्यात जास्त चाललेल्या गुन्हेगारी नाटकात रहस्यच नाही. अत्र्यांचं ‘तो मी नव्हेच’, १९६२ सालचं. लखोबा लोखंडे भामटा आहे हे पडदा वर जातानाच सगळ्या नाट्यगृहाला माहीत असतं. नावातच सगळं आहे. मी शिवाजी मंदिरला पणशीकरांना पाहिलं तेव्हा शेजारचा गृहस्थ पुढची वाक्यं आधीच पुटपुटत होता. तरी फिरता रंगमंच फिरला आणि तोच माणूस नव्या वेषात समोर आला की अख्खं थिएटर श्वास रोखायचं. फसवलं जाणाऱ्या बायकांकडे बघवत नसे. ‘आता काय होणार’ ही उत्सुकता नव्हती. ‘कसं करतो बघू’ ही होती.

दुसरं उदाहरण राजा परांजप्यांच्या ‘पाठलाग’चं, १९६४. त्यावरून दोन वर्षांनी हिंदीत ‘मेरा साया’ झाला. आमच्या घरी सगळ्यांनी ‘पाठलाग’ आधी पाहिलेला. कोर्टात उभी असलेली बाई नेमकी कोण हे पाठ होतं. तरी सगळं बिऱ्हाड ‘मेरा साया’ला गेलं, आणि माझी मोठी बहीण दोनदा गेली. गुपित आधीच फुटलेलं असून सिनेमा चालला तो कशाच्या जोरावर, याचा विचार परीक्षकांनी करावा.

उलट उदाहरणही देतो. ‘गुप्त’, १९९७. तिकिटाच्या रांगेत उभा होतो. आधीचा खेळ सुटला आणि एक कार्टं बाहेर पडता पडता रांगेकडे बघून खुन्याचं नाव ओरडून पळालं. अर्ध्या लोकांनी त्याला शिव्या दिल्या. रांग मात्र कोणी सोडली नाही. पुढच्या वर्षी काजोलला फिल्मफेअरचं नकारात्मक भूमिकेचं पारितोषिक मिळालं, ते मिळवणारी ती पहिली बाई. म्हणजे रसभंगाबद्दल त्या पोराला शिव्या, आणि तेच गुपित व्यासपीठावरून फोडलं त्याला टाळ्या! तेव्हापासून मी ‘खुनी कोण ते सांगू नका’ म्हणणाऱ्यांना फार मनावर घेत नाही.

---

लेडीज_डबा_पुढचा
रविवार, दुपारी २:०४

पानसुपारी काका, तुमचं ठीक आहे, पण माझा ‘अंधाधुन’ ८:१२ च्या गाडीत मेला त्याचं काय? कुर्ल्याला चढलेली एक बाई फोनवर मैत्रिणीला सांगत होती, आणि घाटकोपर यायच्या आत तो खरा आंधळा नाही, मग खरा आंधळा होतो, मग पुन्हा काय ते सगळं सांगून मोकळी. मी कानात बोळे घालायलाही हात वर करू शकत नव्हते, इतकी गर्दी.

मग रविवारी पाहिला तेव्हा पूर्ण वेळ मी ‘आता ते येईल, आता ते येईल’ करत बसले. परीक्षा द्यायला बसल्यासारखं वाटलं. दुसऱ्यांदा बघण्याचं सुख वेगळं असतं हे मान्य. पण ते दुसऱ्यांदा. पहिल्यांदा बघायचा हक्क त्या बाईने हिसकावला तो हिसकावलाच.

---

टेबलाखाली
रविवार, दुपारी ३:३०

या विषयावर रहस्यपटवाल्या हिचकॉकने एका मुलाखतीत म्हटलंय, की टेबलाखाली बॉम्ब

---

मिसळीत_फरसाण
रविवार, दुपारी ३:३१

आला! आला! पहिल्या प्रतिसादापासून याचीच वाट बघत होतो. आयडीसकट आला.

---

टेबलाखाली
रविवार, दुपारी ३:३६

चुकून अर्धवट पडला प्रतिसाद. ठीक आहे, सगळ्यांना माहीत आहे तर राहू दे. :(

---

डोंबिवलीचा_डबा
रविवार, सायंकाळी ६:४८

आमच्या गावचं नाव सिनेमाला देणाऱ्या माणसाची आठवण कोणी काढली नाही म्हणून आलो. निशिकांत कामत. ‘डोंबिवली फास्ट’ २००५, आणि हिंदी ‘दृश्यम’ जुलै २०१५. २०२० मध्ये गेला, फार लवकर.

‘दृश्यम’ मूळ जीतू जोसेफचा, मल्याळम, २०१३. इथे वाक्य उलटं वापरलं होतं, ‘पूर्वार्ध रेंगाळतो’. मला ते वाचून हसू आलं होतं. त्यात खून कोणाच्या हातून झाला, का झाला, सगळं आपल्यासमोर होतं. लपवलेली गोष्ट फक्त एक, प्रेत कुठे आहे. विजय साळगावकर केबलवाला, रात्री दुकानात बसून सिनेमे बघतो, घरी पैशाची काटकसर करतो, पोलिसाशी चहाच्या टपरीवर खटके उडतात. हे सगळं ‘रेंगाळणं’ म्हणजेच पुढच्या कटाचं सामान. मग २ ऑक्टोबर, पणजीचा सत्संग, पावभाजी, सिनेमाची तिकिटं. लोकांच्या डोक्यात तारीख कशी पेरायची ते तो त्या सिनेमांतूनच शिकलेला असतो. पूर्वार्ध कापला तर उत्तरार्धात त्याने हे कुठून आणलं असा प्रश्न पडेल आणि तेच परीक्षक लिहितील, ‘न पटणारा शेवट’.

गच्चीवरची यांना मात्र अर्धं अनुमोदन. ‘दृश्यम’मध्ये योगायोग फार कमी. ‘अंधाधुन’मध्ये भरपूर. फरक एवढाच की ‘अंधाधुन’ स्वतःच स्वतःला हसत असतो. ‘दृश्यम’ हसत नाही, त्याला योगायोग परवडलेच नसते.

---

गच्चीवरची
रविवार, रात्री ८:१०

हे पटलं. निदान पहिल्यांदाच कोणीतरी ‘तुला कळला नाही’ असं न म्हणता बोललं.

रच्याकने (जाता जाता), ‘अंधाधुन’ हा सिनेमा मूळचा आपला नाही हेही धाग्यात आलं पाहिजे. ऑलिव्हिए त्रेनेरचा २०१० चा एक फ्रेंच लघुपट आहे, पंधरा मिनिटांच्या आतला. आंधळेपणाचं सोंग करणारा पियानो ट्यूनर, प्रेत, आणि मागे उभं संकट. तो ऐन क्षणी संपतो. पुढे काय, ते सांगतच नाही. दिग्दर्शक श्रीराम राघवन आणि त्यांच्या लेखकांनी पुढचे दोन तास स्वतः रचले. राष्ट्रीय पुरस्कारही रूपांतरित पटकथेचाच मिळाला, शिवाय सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा, आणि आयुष्मानला विकी कौशलबरोबर अभिनेत्याचा विभागून. म्हणजे चोरी वगैरे नाही, उघड व्यवहार आहे.

पण माझा मुद्दा बघा. उसनं घेतलेलं पंधरा मिनिटांचं बीज कुठे आहे? पूर्वार्धात. आणि ढेपाळतो कुठला भाग? ;)

---

शेवटची_कर्जत
रविवार, रात्री ८:३३

हा टोला खरा लागला. मान्य.

पण मग हेही मान्य करा की राघवन तो लघुपट जसाच्या तसा ताणून, शेवटी एक गोळीचा आवाज टाकून संपवू शकले असते. आम्ही सगळ्यांनी साडेचार स्टार दिले असते. त्यांनी जोखीम घेतली ती नेमकी जिथे मूळ संपतं तिथून पुढे. चीनमध्ये २०१९ ला लागला तेव्हा तिकडे तीनशे कोटींच्या वर कमावले. तिथल्या लोकांना तब्बू कोण, अनिल धवन कोण, काही माहीत नाही. प्रमोद सिन्हा आपल्या जुन्या गाण्यांखालच्या प्रतिक्रिया वाचून खूश होतो यातली मजा आपल्याला दुप्पट येते, कारण ती भूमिका करणारा अनिल धवन स्वतःच जुना नायक आहे. त्यांना ती नव्हती, तरी बसले.

परीक्षकाची अडचणही सांगतो, कोणी विचारली नाही तरी. शेवट हाच सिनेमाचा सगळ्यात बोलण्यासारखा भाग, आणि नेमका तोच लिहायचा नाही. हात बांधलेले. मग काय उरतं? ‘खिळवून ठेवतो’, ‘शेवटपर्यंत उत्कंठा’, ‘पार्श्वसंगीत प्रभावी’. आणि ढेपाळतो. सगळी परीक्षणं एकाच साच्यातली होतात ती आळसाने तर होतातच, पण थोडी या बंदीनेही होतात.

---

कानसेन
सोमवार, सकाळी ६:५५

मी इथे बहुतेक वेळा फक्त वाचतो. वाचतो म्हणजे फोन वाचून दाखवतो. जन्मापासून अंध आहे, राहायला परळला.

‘अंधाधुन’ मी भावाबरोबर थिएटरात पाहिला. आमची पद्धत ठरलेली आहे. संवाद मला कळतात, मधल्या हालचाली तो कानात सांगतो. तर पियानोच्या प्रसंगात काय झालं, तो बोलायचाच थांबला. मला फक्त पियानो ऐकू येत होता. मध्ये कसलीशी ओढाताण, मध्ये काहीतरी बंद झाल्याचा आवाज. आजूबाजूचे लोक एकदम गप्प, कोणी पॉपकॉर्नही खात नव्हतं. मी त्याला कोपराने ढोसतोय, ‘‘काय झालं, सांग ना,’’ आणि तो ‘‘थांब, थांब’’ म्हणतोय. सिनेमा सुटल्यावर त्याने सगळं सांगितलं तेव्हा मला हसूच आलं. त्या खोलीत आकाश करत होता ते सोंग होतं. खराखुरा तसा बसलेला मी होतो, पंचाहत्तर रुपयांचे वेफर मांडीवर घेऊन.

परीक्षणांत सगळीकडे लिहिलं होतं, ‘अंध व्यक्तीची भूमिका हुबेहूब’. हे चूक आहे. पहिल्या भागात तो अंध व्यक्तीची भूमिका करतच नाही. तो डोळस माणसाची भूमिका करतो, जो अंधाची नक्कल करतोय. ती नक्कल डोळस लोकांना पटेल अशी असली की झालं, आम्हाला पटायची गरज नाही. दृष्टी गेल्यावर मात्र तो धडपडतो, आवाजाच्या चुकीच्या दिशेला वळतो, हात पुढे करून चालतो. भाऊ म्हणाला, ‘‘आता अभिनय वाईट करतोय.’’ मी म्हटलं, नाही रे, नवीन आंधळा असाच असतो. सवय व्हायला वर्षं जातात. तेव्हा ज्याला तुम्ही ढेपाळणं म्हणताय त्या भागात मला पहिल्यांदा ओळखीचं काहीतरी भेटलं.

आता शेवट. काठीने डबा उडवतो त्यावर तुमचे शेकडो धागे आहेत, दिसतं की दिसत नाही. मी आवाजावरून सांगतो. वाटेतल्या डब्याला माझी काठी रोज लागते. चाचपताना लागलेला डबा घरंगळतो, आधी घासल्याचा आवाज, मग खडखड. तिथे तसं नाही. एकच टोला, स्वच्छ, आणि डबा उडाला. नेम धरल्याशिवाय असा आवाज येत नाही. भावाने काही सांगायच्या आत मी म्हणालो, ‘‘याला दिसतंय.’’

---

मिसळीत_फरसाण
सोमवार, सकाळी ७:२०

बटर ठेवून दिलं. कानसेन, प्रतिसाद दोनदा वाचला.

---

बिऱ्हाड_नंबर_११
सोमवार, सकाळी ७:४४

आत्याला वाचून दाखवला. ती म्हणते आहे सिनेमा परत लावा, डोळे मिटून ऐकायचाय. डिसाबाई येतील तेव्हा मी पुढे ढकलणार आहे.

---

गच्चीवरची
सोमवार, सकाळी ९:१५

कानसेन, तुमच्या मुद्द्यापुढे माझा योगायोगाचा मुद्दा लहान वाटायला लागला, पण मी तो सोडणार नाही. :) दृष्टी गेल्यावरचा आकाश खरा आहे, मान्य. त्याच्याभोवती जमवलेली माणसं जमवलेलीच आहेत. एकाच भागात दोन्ही असू शकतं.

आणि काका, त्या तीन स्टारांचं मी अजूनही समर्थन करते. ज्या दिवशी जे वाटलं ते लिहिलंत. वर्षांनी येऊन स्वतःचे मार्क वाढवायचे हे बोर्डाच्या फेरतपासणीसारखं झालं.

---

टेबलाखाली
सोमवार, दुपारी १२:३०

कानसेन यांचा प्रतिसाद म्हणजे मला म्हणायचं होतं त्याच्या नेमकं उलट आहे. त्या बॉम्बच्या गोष्टीत टेबलाखाली बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला माहीत असतं, बसलेल्यांना नसतं, म्हणून ताण येतो. इथे ज्याला सगळ्यात कमी माहीत होतं त्यालाच सगळ्यात जास्त ताण आला. विचार करतोय. (या वेळी पूर्ण लिहिलंय.)

---

शेवटची_कर्जत
बुधवार, रात्री १०:२७

दोन दिवस गायब होतो. बदलापूरला आईकडे गेलो होतो.

धाग्याबद्दल तिला सांगितलं, कानसेन यांचा डब्याचा आवाजही सांगितला. ती म्हणाली, ‘‘तुझं ते छापून आलेलं असेल बघ, फळीवर.’’ आईची सवय, माझं नाव असलेलं पान रद्दीत द्यायचं नाही. ते जपून म्हणजे काय, तर स्वयंपाकघराच्या फळ्यांवर डब्यांखाली अंथरायचं. हळदीचा डबा, हिंगाची डबी उचलत उचलत तिसऱ्या फळीवर ते सापडलं. ऑक्टोबर २०१८. कडेला तेलाचा गोल डाग, मधोमध मी.

पहिली गोष्ट, स्टार तीन नाहीत. साडेतीन आहेत. अर्धा कोणी वाढवला माहीत नाही, मी नाही.

दुसरी. ‘उत्तरार्ध ढेपाळतो’ हे वाक्य त्यात कुठेही नाही. मी डब्याच्या डागाखालीही पान उजेडाला धरून बघितलं. परीक्षणाचा शेवटचा परिच्छेदच नाही, तिथे साड्यांच्या सेलची पाव पानाची जाहिरात आहे. आणि जाहिरातीच्या वर, मजकुराची शेवटची ओळ अशी आहे, ‘मध्यंतरानंतर मात्र आकाशची खरी परीक्षा सुरू होते.’

हे वाक्य माझं नाही. शपथेवर सांगतो. जागेत बसवायला कोणा उपसंपादकाने रात्री माझा परिच्छेद उडवून स्वतःची ओळ टाकली असणार. आणि मी इथे शनिवारपासून तीन परिच्छेद लिहून जे म्हणत होतो ते त्याने सात शब्दांत म्हटलंय, बहुधा सिनेमा न बघता.

‘लवयात्री’चं परीक्षण शेजारीच आहे. ते पूर्ण छापलंय.

---

गच्चीवरची
बुधवार, रात्री १०:४१

एक मिनिट. म्हणजे तुम्ही छापलंच नाही अशा मताच्या बाजूने मी चार दिवस भांडतेय?

---

शेवटची_कर्जत
बुधवार, रात्री १०:४४

मेलमध्ये लिहिलं होतं. बहुतेक.

---

गच्चीवरची
बुधवार, रात्री १०:४४

बहुतेक??

---

कानसेन
बुधवार, रात्री १०:५८

:) काका, क्राकोवला जाऊन आलात वाटतं.

---

शेवटची_कर्जत
बुधवार, रात्री ११:१०

जुना मेल शोधतोय. त्या पत्त्याचा पासवर्ड आठवत नाही. आणि पान आईने परत मागितलंय, हिंगाची डबी हलते म्हणते.